कोतेबेची रेघ

हिदार २, सोमवार

कचेरीच्या नोंदवहीत फक्त आकडे लिहायचे असतात. शंका लिहिल्या तर आमच्या गटप्रमुख डॉक्टर वर्कनेश त्यावर रेघ मारतात. म्हणून ही वही.

दोन्ही यंत्रं नीट चालू लागली आहेत. एक कोतेबेला, शहराच्या पूर्व टोकाला. दुसरं इथे कोल्फेला, पश्चिमेला, माझ्या भाड्याच्या खोलीपासून पायी जाण्याइतकं जवळ. पाऊस संपला की अदीस अबाबावर वारा पूर्वेकडून येतो. कोतेबेला शहरात शिरतो, कोल्फेला बाहेर पडतो. शिरताना त्यात कार्बन डायऑक्साइड किती होता आणि बाहेर पडताना किती आहे, ते मोजायचं. मधली जी भर पडली ती शहराची. मोटारी, शेगड्या, भट्ट्या, कारखाने, सगळं त्यात आलं. आजवर आपल्या शहराचा आकडा दुसऱ्या कुणीतरी दुसरीकडे बसून अंदाजाने काढला. दोन महिन्यांनी, तिर महिन्यात, आपण तो मोजून नगरसभेपुढे ठेवायचा आहे.

पण शिरणारा वारा स्वच्छ असला तरच या वजाबाकीला अर्थ. कोतेबेच्या यंत्राची पडद्यावरची रेघ खराब झाली तर शहराचा आकडा खोटा पडेल, सगळा हंगाम फुकट जाईल. आणि कोतेबेची जागा मी सुचवलेली आहे. माझ्या वडिलांच्या, अबायेंच्या घरामागचं टेकाड. मी बैठकीत ठामपणे म्हणाले होते, "तिथली हवा मला ठाऊक आहे." डॉक्टरांनी विचारलं होतं, "मोजून ठाऊक आहे की आठवणीने?"

मी उत्तर दिलं नव्हतं.

हिदार ३, मंगळवार

उत्तर द्यायला हवं होतं. आठवणीने, असं.

लहानपणी मला धूर सोसत नसे. छातीत शिट्टी वाजायची. म्हणून नऊ वर्षांची होईपर्यंत मला शाळेत घातलं नाही. अबायेंनी घरीच शिकवलं. ते रस्तेबांधणी खात्यात मोजणीदार होते. अक्षरं त्यांनी निलगिरीच्या काडीने मातीत गिरवून घेतली आणि बेरीज-वजाबाकी त्यांच्या मोजपट्टीवर. माझ्यामुळे माझी आई, एमाये, घरात शेगडी पेटवायची नाही. कॉफीचं सगळं सामान उचलून मागे टेकाडावर, तिदच्या जुन्या झाडाखाली न्यायची. तिथेच आमची शाळा भरे. वारा फिरला की एमाये हातातलं काम टाकून यायची आणि मी बसलेलं स्टूल माझ्यासकट ओढून पलीकडे ठेवायची. "वारा पाठीशी घे ग." वाऱ्यावरची बाजू आणि वाऱ्याखालची बाजू मी विद्यापीठात शिकले नाही.

खांब त्याच झाडाजवळ आहे. उंच खांबाला पैसे उरले नव्हते, म्हणून दोन पुरुष उंचीचाच. तो उभा केला त्या दिवशी अबाये सारखे विचारत होते की हवा ओढणाऱ्या या नळीला कळतं तरी काय. मी वायरी जोडता जोडता म्हटलं, "अबाये, इथे कुणी काडी ओढली तरी मला तिकडे कोल्फेला दिसतं." त्यांनी शेगडी तयार ठेवली होती. मला थांबता आलं नाही, उजेडात परत पोचायचं होतं.

हिदार ७, शनिवार

काळजीची गोष्ट. आठवडाभर पाहते आहे. कोतेबेच्या रेघेवर रोज सकाळी काहीतरी उमटतं. आधी सुईसारखं एक टोक. मग थोड्या थोड्या अंतराने तीन उंचवटे, पहिला मोठा, दुसरा त्याहून बुटका, तिसरा जेमतेम. मग पुन्हा सरळ रेघ, दुसऱ्या सकाळपर्यंत.

बुधवारी आणि शुक्रवारी मात्र हेच दुपार उलटल्यावर आलं.

अशाग्रेला दाखवलं. तो आमचा तंत्रज्ञ, गाडीही तोच चालवतो आणि तोंडही त्याचंच चालतं.

"जवळच्या दगडखाणीचे ट्रक असतील," मी म्हटलं. "बुधवारी आणि शुक्रवारी उशिरा भरत असतील."

"आणि रोज बरोब्बर तीनच ट्रक? एकापेक्षा एक लहान?"

"मग नळी गळत असेल. तू जाऊन बघून ये ना."

"मी? घर कुणाचं आहे?"

"मला इथे काम आहे."

"तुला नेहमी इथेच काम असतं, मास्ते."

हिदार १०, मंगळवार

अशाग्रे जाऊन आला. नळी ठीक, सांधे ठीक, यंत्र ठीक. "गाशेंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही," म्हणाला. अबायेंना तो गाशे म्हणतो.

"आजूबाजूला काही जळताना दिसलं?"

"मी गेलो तेव्हा काही जळत नव्हतं."

"पण आधी काही जळल्यासारखं?"

तो बोल्ट पुसत बसला. मग म्हणाला, "तू स्वतः जाऊन ये. यंत्रापेक्षा माणसाला जास्त कळतं कधीकधी."

ही काय पद्धत झाली उत्तर द्यायची? वर डॉक्टरांनी आज सकाळच्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, शोधते आहे. "लवकर शोध. याचं कारण कळलं नाही तर कोतेबे वगळावं लागेल. आणि कोतेबे वगळलं तर कोल्फेच्या आकड्यातून मी काय वजा करू, माझं वय?"

हिदार १२, गुरुवार

आज धुराचा दिवस. सगळ्या शहराने सकाळपासून घरातला, गल्लीतला कचरा काढून पेटवला. फार पूर्वी याच दिवसांत मोठी साथ आली होती, तेव्हापासूनचं आहे हे. रोगराईला धूर द्यायचा. कोल्फेची रेघ पडद्याच्या वर निघून गेली. अशाग्रे टाळ्या वाजवत होता, "घे, अख्ख्या शहराने तुझ्या यंत्राला धूप दाखवला!"

लहानपणी या दिवशी एमाये मला शाल गुंडाळून टेकाडावर नेऊन बसवायची. खाली सगळं शहर निळंकरडं, आणि आमच्याकडे पूर्वेचा वारा. ती कॉफीच्या बिया भाजायची. भाजून झाल्या की धुरकट तवा हातात घेऊन सगळ्यांसमोरून फिरवायची, प्रत्येकाने हाताने तो वास आपल्याकडे ओढून घ्यायचा. माझ्यापुढे मात्र तवा लांबूनच, क्षणभर. "तुझ्या वाटचा," म्हणायची. मग जेबेनात, कॉफीच्या मातीच्या सुरईत, पाणी, आणि तीन फेऱ्या: अबोल, तोना, बेरेका. पूड तीच, पाणी नवं, दर फेरीला कोळशांना पंख्याने वारा घालायचा. तिसऱ्या फेरीला नुसतं रंगीत पाणी उरे. पण बेरेका म्हणजे आशीर्वाद, तो घेतल्याशिवाय उठायचं नाही. शेजारच्या सगळ्या बायका असायच्या. एकट्याने कॉफी घ्यायची हे आमच्यात कुणाला सुचतच नाही. आता त्यातली एकही तिथे नाही. रस्ता रुंद झाला, घरं गेली, ज्याला जिथे खोली मिळाली तिथे तो गेला.

एमायेला जाऊन वर्ष होऊन गेलं.

दिवेलागणीला अबायेंचा फोन. "छाती कशी आहे? खिडकी लावून घे."

"लावली आहे. तुम्ही काही खाल्लंत का?"

"खाल्लं, खाल्लं. आज सकाळी दिसलं का काही?"

"काय दिसायचं?"

"काही नाही. तुझं यंत्र. चालू आहे ना?"

"चालू आहे अबाये."

"मग झालं," म्हणाले. आवाजावरून खूश वाटले.

हिदार १७, मंगळवार

परवापासून नाताळाआधीचा मोठा उपास लागला. माझंही दुपारपर्यंत पाणी नाही, अन्न नाही. कालपासून कोतेबेचे उंचवटेही दुपारनंतर येऊ लागले आहेत. काल सुई उमटली तेव्हाच मी दिवसाचा पहिला घोट घेत होते. मी खाणीच्या कचेरीला फोन करून ट्रकांच्या वेळा बदलल्या का म्हणून विचारलं. तिकडचा माणूस म्हणाला, "बाई, ट्रक बदलले नाहीत. आमची जेवायची वेळ तेवढी बदलली."

हे मी अशाग्रेला सांगितलं तर तो हसून हसून खाली बसला.

"अगं, तुझी रेघ उपासाला बसली आहे! बुधवार-शुक्रवारचा उपासही पाळत होतीच. एवढी धर्मभीरू रेघ मी जन्मात पाहिली नाही."

मी हसले नाही. मी पडद्याकडे पाहिलं. सुई. मग तीन. मोठा, बुटका, जेमतेम.

जिन्यात जाऊन फोन लावला.

"अबाये, कॉफी कुठे करता हल्ली?"

पलीकडे कोंबडी ओरडत होती.

"झाडाखाली," ते म्हणाले.

"खांबापाशी?"

"खांबापाशीच. दुसरीकडे सोबतीला कोण आहे? तू म्हणाली होतीस, काडी ओढली तरी दिसतं. म्हणून बिया भाजल्या की तवा नळीपुढे धरतो. तुझ्या वाटचा. मग तीन फेऱ्या. दोन कप मांडतो, तुझा मीच पितो शेवटी." मग हळूच, "कुणाला सांगू नकोस हं. पुरुष माणूस कॉफी करतो म्हणून हसतील."

जे बोलायला नको होतं तेच बोलले. "अबाये, त्याने आकडा खोटा येतो."

"म्हणजे? मी तुझं काम बिघडवलं?"

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"किती दिवसांचं बिघडलं?"

"अबाये—"

"मोजणीदाराने मोजपट्टीवर पाय ठेवला म्हणायचा," ते म्हणाले. "आजपासून बंद. काळजी करू नकोस, पोरी."

हिदार १८, बुधवार

डॉक्टरांना सगळं सांगितलं. जागा मी आठवणीवरून निवडली, धूर माझ्या वडिलांचा, काढून टाकायचं असेल तर मला काढा. त्या चष्मा पुसत ऐकत होत्या.

"तवा नळीपुढे धरत होते?"

"हो."

"दर सकाळी?"

"उपासाच्या दिवशी दुपारी."

त्यांनी चष्मा घातला. "तुला काढून मी काय करू? एवढे दिवस जी रेघ आहे त्यातले हे तास कापून टाक. पुढचे सहा आठवडे मला निर्मळ पाहिजेत. ते निर्मळ आले तर कापाकापी बरोबर होती हे सिद्ध होईल, आणि आकडा उभा राहील. शब्द घेतलास ना त्यांच्याकडून?"

"ते म्हणाले, बंद."

"मग बंदच असेल." मग म्हणाल्या, "तुझे वडील आहेत म्हणून विचारते. नुसता फोन केलास? गेली नाहीस?"

मी म्हटलं, जाईन.

हिदार २५, बुधवार

आठवडाभर रेघ सरळ. इतकी सरळ रेघ मी आजवर पाहिली नव्हती. डॉक्टरांनी ती सगळ्यांना बोलावून दाखवली, "याला म्हणतात वाऱ्यावरची जागा." मला शाबासकी दिली.

मी दिवसातून पुष्कळ वेळा उघडून पाहते. काही आलं तर नाही ना, म्हणून.

ताहसास ५, शनिवार

अशाग्रे बॅटरी बदलायला कोतेबेला गेला होता. बॅटरी बदलली, नळी पुसली, एवढं सांगून झाल्यावर दारातच उभा राहिला.

"गाशेंकडे कॉफी नाही मिळाली."

"उपास आहे."

"आज शनिवार आहे, मास्ते. शनिवारी सकाळी चालते. मीच म्हटलं, गाशे, घरात करू या, मी भाजतो. तर म्हणाले, घरात धूर कोंडेल. मी म्हटलं, मग अंगणात. तर म्हणाले, वारा कुठूनही फिरतो, तिचं यंत्र आहे. जेबेना पालथी घालून ठेवलीय खिडकीत."

"घरात करायला काय हरकत आहे? घरातला धूर तिथवर जाणार नाही. मी सांगते त्यांना."

"सांग," तो म्हणाला. "पण मग कुणाबरोबर प्यायची, तेही सांग."

तो गेल्यावर त्याचा राग आला होता. आता येत नाही. अबायेंना फोन करून घरात करायला हरकत नाही असं सांगितलं. "बरं, बरं," म्हणाले. रेघ सरळच आहे, त्यावरून त्यांनी केली की नाही ते मला कळायला मार्ग नाही.

ताहसास २९, मंगळवार

गेन्ना. नाताळच्या दिवशी गाड्या कमी, कारखाने बंद. शहर थांबल्यावर आकडा किती उतरतो हे पाहायची वर्षातली एकच संधी. कुणीतरी कचेरीत असायलाच हवं होतं. मीच हात वर केला. डॉक्टर म्हणाल्या, यंत्र आपोआप चालतं. मी म्हटलं, खात्री असलेली बरी.

अबायेंना अशाग्रेच्या हाती कोंबडी आणि इंजेराच्या भाकऱ्या पाठवल्या. त्यांनी फोनवर विचारलं, "आज शहर खरंच कमी श्वास सोडतंय का?"

"हो, खूप कमी."

"तुझी आई असती तर म्हणाली असती, मग आज तरी पोरीला घरी यायला काय झालं." आणि स्वतःच हसले, मला उत्तर द्यावं लागू नये म्हणून.

खरं तर मिनीबस चालू होत्या. त्या एका जागी जायला मला जमत नाही, एवढंच. झाडाखाली एमायेचं बुटकं स्टूल असेल. घरची मुलगी आली म्हणजे कॉफी तिने करायची, त्या स्टुलावर बसून. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तिर ६, मंगळवार

आकडा मांडला. डॉक्टर वर्कनेश बोलल्या, चित्रं मी दाखवली. आकड्यामागे किती चूक असू शकेल तेही सांगितलं, जरा मोठीच आहे. एका सभासदांनी विचारलं, "म्हणजे हे जास्त की कमी?" डॉक्टर म्हणाल्या, "हे आपलं आहे. पुढच्या वर्षी पुन्हा मोजू, मग जास्त की कमी ते कळेल."

मागे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं की शिरणारा वारा स्वच्छ होता हे कशावरून. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहून सांगितलं, सुरुवातीला तिथे एका घरच्या शेगडीचा धूर येत होता, ते तास वगळले आहेत, आणि नंतर त्या घरच्या माणसाने शेगडी पेटवली नाही.

"एवढे दिवस? आपल्या शहरात?" ते म्हणाले. "बिचारा कोण होता तो?"

मी सांगितलं, कोण होता.

तिर १२, सोमवार

काल तिम्कतचा सण झाला. मोजणी संपली. परवा अशाग्रे कोतेबेचा खांब काढायला जाणार.

अबायेंना फोन केला. "आता झाडाखाली शेगडी पेटवली तरी चालेल."

"आता कशाला? तुझं मोजून झालं."

"यंत्र अजून चालू आहे. परवा काढायचं आहे."

"म्हणजे उद्या दिसेल?"

"दिसेल."

"कामाचं नाही ना कुणाच्या?"

"नाही. फक्त माझ्या."

पलीकडे खिडकीपाशी काहीतरी खडखडलं. जेबेना असावी.

तिर १३, मंगळवार

सकाळीच कचेरीत आले. कुणी नव्हतं. कोतेबेची रेघ उघडून बसले.

सुई आली. मी नकळत हात पुढे करून हवा आपल्याकडे ओढली. पडद्यापुढे! बरं झालं कुणी नव्हतं.

मग अबोल. चांगला मोठा, त्यांनी पंखा जोरात हलवला असावा. मग तोना.

मग काहीच नाही. रेघ सरळ जात राहिली. मी वाट पाहिली. तिसरा नेहमी जेमतेमच असतो, असं स्वतःला सांगितलं. तरी काही नाही. टेकाडावर एकटे, चढ तीव्र आहे, कोळसे पेटलेले. फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्यांचाच आला.

"किती दिसले?"

"दोन. अबाये, तुम्ही बरे आहात ना? फोन का उचलत नाही?"

"हात राखेचे होते. दोनच ना? बरोबर आहे."

"तिसरा कुठे आहे?"

"जेबेना भरून ठेवलीय. कोळसे राखेखाली झाकलेत, संध्याकाळपर्यंत राहतात."

"पण का?"

"बेरेका मी नळीला कसा देऊ, पोरी? अबोल-तोना ठीक आहे, ते कुणालाही देतात. आशीर्वाद समोर बसलेल्याला द्यायचा असतो. त्या दोन आठवड्यांत मी चुकीचंच करत होतो, ते तुझ्या आईला आवडलं नसतं."

मी म्हटलं, आज मंगळवार आहे, कामाचा दिवस आहे. मग म्हटलं, मला एमायेच्या स्टुलावर बसायला जमणार नाही.

"तुला कोण बसवतंय?" ते म्हणाले. "त्यावर मी बसतो. हसायला शेजारी कुठे उरलेत? तुझं लहान स्टूल आहे इथे. वारा पूर्वेचा आहे. ते कुठे ठेवायचं मला ठाऊक आहे."

डॉक्टर जिन्यात भेटल्या. कुठे निघालीस, विचारलं. मी म्हटलं, कोतेबेला, रेघ अपुरी आहे. त्यांनी भिंतीला टेकून वाट दिली.

तिर १४, बुधवार

कालची नोंद तपासली. तिसरा उंचवटा दुपारी आहे. जेमतेम असायला हवा, पण चांगला रुंद आहे. कोळसे पुन्हा घालावे लागले, आणि खांबाखाली दोन माणसं बराच वेळ बोलत बसली होती. वगळलेल्या नोंदीपुढे कारण लिहावं लागतं. 'स्थानिक धूर' असं लिहिलं.

आज खांब काढायला मीही जाणार आहे. अशाग्रे म्हणाला, "तुला इथे काम नाही?"

छाती ठीक आहे. काल एकदाही धूर माझ्याकडे आला नाही. वारा दोनदा फिरला, आणि दोन्ही वेळा अबायेंनी माझं स्टूल माझ्यासकट ओढलं.